झाकलेली वाटी

रुक्मिणीनगर, अमरावती
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

सकाळी आठ : ताकात कालवलेली प्रोटीन पावडर, अर्धा पेला.
साडेअकरा : मुगाचं गाळलेलं वरण, सहा चमचे.
तीन : दही, चार चमचे.
सात : तेच वरण, पाच चमचे. सहावा गेला नाही.

सीमा,

वरच्या चार ओळी तुझ्यासाठी नाहीत, आहारतज्ज्ञ बाईंसाठी आहेत. दिवसभरात पोटात जे जाईल ते सगळं लिहून ठेवायचं म्हणून त्यांनी मला डायरी दिली आहे. एका दिवसाला एक पान. माझा दिवस चार ओळींत संपतो आणि खाली पान रिकामं राहतं. मुलांना "कागद वाया घालवू नका" म्हणून तीस वर्षं ओरडलेला मास्तर मी, मला ते बघवत नाही. म्हणून उरलेल्या जागेत तुला लिहितो आहे. जागा कमी पडली तर मागची पानं फाडीन. बाईंसाठी वरच्या ओळी वेगळ्या उतरवून काढता येतील.

फोनवर तू "हं" आणि "बरं" यांच्या पुढे जात नाहीस, आणि दिवाळीपासून तर तेही बंद आहे. पत्राला "हं" म्हणता येत नाही, एवढाच माझा फायदा.

आधी एक सांगतो. आपल्या लेकीवर, जुईलीवर, रागावू नकोस. तिला मी गळ्याची शपथ घातली होती. १८ नोव्हेंबरला नागपूरला माझं ऑपरेशन झालं. वजन कमी करण्याचं. पोटाचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढला, आता आत केळ्याएवढी नळी उरली आहे. तू होतीस तेव्हा मी किती होतो ते तुला ठाऊक आहे, तू गेल्यावर त्यात अकरा किलोंची भर पडली. एकशे अडतीस. साखर, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, सगळं रीतसर जमा झालं होतं. शाळेचा जिना चढताना मधल्या टप्प्यावर मी नोटीस बोर्ड वाचत उभा राहायचो. तोच बोर्ड, त्याच सूचना. सातवी ब मधल्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला अजून पाठ नाही झाल्या?" त्या दिवशी ठरवलं.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना घेऊन या, पथ्य समजावून सांगते." मी म्हणालो, "बायको करते. तिलाही शाळा असते, सुटी मिळत नाही." जुईली शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढं खोटं मी इतक्या सहज कसं बोललो, कोण जाणे.

हे पत्र दया मागायला लिहिलेलं नाही. तुझ्या वकिलांकडून आलेला घटस्फोटाचा अर्ज मिळाला. मार्च संपायच्या आत सही करून पाठवा, असं वर लिहिलं आहे. लिफाफा टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. मी तो वाचलेला नाही.

आता जेवायला मला वीस मिनिटं लागतात. एक घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, टीव्ही लावायचा नाही. दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवायचा. पूर्वी माझं जेवण किती मिनिटांत व्हायचं, तू मोजलं असशील. आता वीस मिनिटं समोर भिंत असते आणि तुझी खुर्ची असते.

देवीदास


गुरुवार, २६ डिसेंबर २०२४

सकाळी : अंड्याचा पांढरा भाग, एक.
दुपारी : मऊ खिचडी, पाच चमचे. पनीर, कुस्करून.
संध्याकाळी : खिचडी, चार. वजन १२२.

सीमा,

गाळणी सुटली. आज पहिल्यांदा शीत दाताखाली आलं आणि मी पोरासारखा खूश झालो. ते एकच शीत चावता चावता शकुंतला आगगाडी आठवली.

माझी आठवण चुकीची असेल तर सांग. लग्नानंतर पहिल्यांदा तुला माहेराहून आणायला मी दर्यापूरला आलो होतो. जानेवारी होता, शेतांत हरभरा उभा होता. शकुंतलेने मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीने बडनेरा, असं यायचं होतं. ती गाडी एवढी रमतगमत चालायची की डब्यातली दोन माणसं उतरली, हरभऱ्याचे डहाळे उपटले आणि चालत येऊन पुन्हा डब्यात चढली. तू हसून हसून पदर तोंडात धरला होतास. तुझ्या आईने शिदोरी दिली होती : दशम्या, तिळाची चटणी, लसणाचं तिखट, आणि माझ्या मायसाठी वेगळा डबाभर करंज्या. मूर्तिजापूर यायच्या आत मी सगळं संपवलं. मायच्या करंज्यासुद्धा. घरी माय म्हणाली, "सून रिकाम्या हातानं आली का रे?" आणि तू मला सांभाळून घेतलंस. म्हणालीस, "आई, डबा गाडीत राह्यला."

मी तुला विचारलं होतं, एवढं तरी कबूल कर. "तू खात नाहीस?" म्हणून विचारलं होतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मले भूक नाही. तुमी खा." मला वाटलं, माहेर सुटल्याचं दुःख आहे. मूर्तिजापूरला उतरल्यावर नळावर तू ओंजळीने कितीतरी वेळ पाणी पीत होतीस. गाडी सुटेल म्हणून मी ओरडलो होतो.

शकुंतला बंद होऊन किती वर्षं झाली! रूळ आहेत म्हणतात अजून, गवतात.

मी खादाड होतो, कबूल. पण मी तुझ्या हातच्या अन्नाला कधी नाव ठेवलं नाही. माय लहानपणी डोक्यावर हात ठेवून सांगायची, "देव्या, पातेल्यात काही ठेवू नको रे. ठेवलं का मले वाटते, बेचव झालं." मी पातेल्यात पोळी फिरवून शेवटचा रस्साही पुसून घ्यायचो आणि तिचा चेहरा फुलायचा. तेवीस वर्षं मी तुझ्याही स्वयंपाकाचा तसाच मान राखला. गल्लीत एक नवरा दाखव, ज्याने बायकोची भाजी कधी उरू दिली नाही.

आणि तू दही-भाताच्या एका वाटीसाठी घर सोडून गेलीस.

देवीदास


मंगळवार, १४ जानेवारी २०२५, संक्रांत

तिळगूळ : नाही. गोडाने गरगरतं.
बाकीचं उद्या लिहीन.

सीमा,

मैनाबाई तुला माहीत नाहीत. तू गेल्यावर तीन-चार महिने मी डबा लावला, मग यांना ठेवलं. मागच्या वस्तीतल्या आहेत, पन्नाशीच्या. दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा आणि सकाळचं जेवण इथेच जेवायचं, असं ठरलं होतं. मी अकराला जेवून शाळेत जातो, त्या मागून जेवतात, आवरतात, कुलूप लावून जातात. दोन वर्षं झाली.

आज सुटी म्हणून मी घरी होतो. माझं अर्धी वाटी वरण आणि दोन चमचे मेथीची भाजी वीस मिनिटांत आटोपली. स्वयंपाकघरात पाण्याचा पेला ठेवायला गेलो तर मैनाबाई खाली बसून जेवत होत्या. मला बघून एकदम उठायला लागल्या.

"सर, आज मी दोनदा भाजी घेतली. चालते ना?"

"घ्या की. विचारता काय?"

"नाई, दोन वर्सांत कदी उरलीच नाही, म्हनून विचारलं."

मी पेला हातात धरून उभा राहिलो. "उरली नाही म्हणजे? मग तुम्ही रोज जेवत काय होतात?"

"भाकर असे ना. तिच्यावर तेल-तिखट घ्याचं. कदी घरी जाऊन खाल्लं." आणि हसून म्हणाल्या, "आता तुमचं पोट कापलं तवापासून माह्यं पोट भरून राहिलं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस? जास्त करायला सांगितलं असतं."

"जेवनाऱ्याले टोकाव काय, सर? अन् जास्त करून पाह्यलं मी. तेई तुमी संपवलं. इतक्या खुशीनं खात होते, पातेल्यात पोई फिरवून फिरवून. मले वाटे, खाऊ द्या. घरात दुसरं हाये तरी कोन यायले."

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. तुझ्याच खुर्चीवर, लक्षात न येता.

सीमा, तेवीस वर्षं तू काय जेवलीस?

देवीदास


रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सकाळी : मुगाचं धिरडं, अर्धं.
दुपारी : वरण, पालक, ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा.
संध्याकाळी : ताक, एक अंडं. कॅल्शियम, लोह, बी-बारा. वजन १०९. केस मूठमूठ गळतात. बाई म्हणतात, येतील परत.

सीमा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत जातो. चालायला सांगितलंच आहे.

मागच्या रविवारी धामणगावला गोदाआत्याकडे गेलो होतो. ब्याऐंशी वर्षांची आहे, कान शाबूत आहेत आणि जीभ तर आहेच. मला दारात बघून म्हणाली, "कोन रे तू? देव्यासारखा दिसतं." मी तिच्यापाशी बसून एकच विचारलं. माय कधी जेवायची? मी पातेलं पुसून उठायचो, बाबा उठायचे, गडी उठायचे. मग माय काय खायची?

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "तुले ठाऊक नाही? तुह्या मायनं आपलं ताट आधी काढल्याबिगर कोनाले वाढलं नाही कदी. जाळीच्या कपाटात झाकून ठेवे. वावरात राबनारी बाई, ते उपाशी कशी राहीन?"

"मग सीमाला का नाही सांगितलं तिने?"

"त्यात सांगाचं काय? तिले वाटलं, साऱ्याच बाया काढून ठेवत असतीन."

म्हणजे बघ. आमच्या घरी रांधणारी आधी आपला वाटा काढायची, म्हणून पातेलं पुसणं हा मान होता. आणि तुमच्याकडे? मी बसमध्ये परत येताना सगळं आठवत होतो. तुझे बाबा जेवताना नेहमी पातेल्यात दोन फोडी आणि टोपलीत अर्धी भाकर ठेवून "बस झालं" म्हणायचे. मी मनात म्हणायचो, काय हा मोजून खाणारा माणूस. तुमच्याकडे सगळ्यांच्या आधी हात लावायचा नाही, मागून जेवायचं, आणि जेवणाऱ्यांनी रांधणारीसाठी ठेवायचं. तुला कपाटात ताट काढून ठेवणं चोरीसारखं वाटलं असेल. तू वाट बघत राहिलीस की हा माणूस आज तरी ठेवील. आणि हा माणूस रोज तुझा मान राखत राहिला!

पहिल्या धोंड्याच्या महिन्यात दर्यापूरला जावई म्हणून जेवलो, ते आठवतं? माझं जेवण झाल्यावर तुझी आई दाराआड गेली आणि आतून बेसन घोटल्याचा वास आला. मी हाक मारून म्हणालो होतो, "आई, आता पिठलं नको, पोट भरलं." तुम्ही मायलेकी आत हसलात. मीही हसलो. ते पिठलं माझ्यासाठी नव्हतंच, हे मला त्या बसमध्ये बडनेऱ्याच्या आसपास कळलं. मोठ्याने हसू आलं आणि शेजारचा माणूस सरकून बसला. मग डोळे भरून आले ते थेट घरापर्यंत.

आता दही-भात. तो मी आजवर ज्याला-त्याला माझ्या पद्धतीने सांगितला आहे. शिक्षकखोलीत तर तो माझा ठरलेला विनोद होता. "बायका कशासाठी सोडून जातात? दारूसाठी, दुसरीसाठी. आमची वाटीभर दही-भातासाठी गेली." सगळे हसायचे. मी वाटी किती लहान होती ते बोटांनी दाखवायचो.

न सांगितलेलं आज लिहितो. आदल्या दिवशी हरतालिका होती. तू पाणीसुद्धा घेतलं नव्हतंस. कोणासाठी, ते तुला आणि मला माहीत आहे. गणपतीच्या सकाळी उपास सोडायला तू वाटीभर दही-भात कालवून ठेवलास, वर ताटली झाकलीस आणि अंघोळीला गेलीस. मी गणपती आणायला निघालो होतो. पोटभर पोहे झाले होते. जाता जाता ताटली उचलली आणि उभ्या उभ्या चार घासांत वाटी रिकामी केली. भूक नव्हती, सीमा. समोर होतं म्हणून खाल्लं.

तू ओल्या केसांनी आलीस. रिकामी वाटी हातात घेऊन म्हणालीस, "हे माह्यं होतं." तेवीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तुझं आहे असं म्हणालीस. मी म्हणालो, "वाटीच तर होती. दुसरा कालव." तू दुसरा कालवला नाहीस. एकवीस मोदक केलेस, आरतीला आलेल्यांना प्रसाद दिलास, आणि दुपारी बॅग भरून अकोल्याला गेलीस. मी फाटकात उभा राहून म्हणालो, "एवढ्याशा गोष्टीसाठी?"

आता माझं अख्खं जेवण तेवढ्या वाटीत मावतं. चार घासांत नाही, वीस मिनिटांत खातो. शेवटचा घास संपला की पोट तुडुंब असतं. त्या वाटीत एका माणसाचं जेवण मावतं, हे मला पोट कापून घेतल्यावर समजलं. मला लाज वाटते. ती दुसऱ्या कोणत्या शब्दात लिहिता येत नाही.

आणि अर्ज मी वाचला आहे. तीनदा. "मतभेद" असा शब्द आहे त्यात. वकिलाला वाटीबद्दल तू काही सांगितलेलं दिसत नाही. मी जगभर सांगत फिरलो आणि तू वकिलालाही सांगितलं नाहीस.

देवीदास


रविवार, २ मार्च २०२५

सीमा,

तुझं पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. "केस गळतात त्याच्यासाठी डॉक्टरले दाखवा. अर्जाचं काय ठरवलं?" एवढंच. पण "डॉक्टरले" वाचून तुझा आवाज आला. अकोल्याच्या पोरांना शुद्ध मराठी शिकवतेस आणि कार्डावर मात्र दर्यापूर उतरतं, बरं वाटलं.

ठरवलं आहे. तू मागशील ते देईन. तुझ्याजवळ आणखी काही मागायला मला तोंड नाही, तरी एक मागतो. २३ तारखेच्या रविवारी इकडे ये. सही करून लिफाफा टेबलावर ठेवतो, पोस्टाने पाठवत नाही. तो हाताने घेऊन जा. त्याआधी एक वेळ जेव. स्वयंपाक मी करीन. मला गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांशिवाय काही येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेही वावरातल्या मारुतीपुढे बाप्या लोकांत शिकलेले. वांग्याची भाजी मैनाबाईंना विचारून करीन. तू आधी जेवायचं, मी वाढणार. एवढंच.

नाही आलीस तरी एकतीसच्या आत लिफाफा पाठवीन.

देवीदास


सोमवार, २४ मार्च २०२५

सीमा,

तू पोचल्याचा जुईलीचा निरोप आला. तरी लिहितो, कारण काल समोर होतीस तेव्हा मला काही बोलता आलं नाही. सगळा वेळ वाढण्यात गेला.

काल सकाळी सहापासून मागच्या अंगणात गोवऱ्यांचा आर घातला होता. जाडं पीठ, पळीभर तेल, पदर घालून वळलेले बारा रोडगे. मैनाबाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "सर, दोन मानसाईले बारा?" मी म्हणालो, "दोन नाही, दीड. माझं माणूस आता अर्धं आहे." तीन रोडगे आराच्या निखाऱ्यांत काळे झाले, ते लपवून ठेवले. साडेअकराला फाटक वाजलं.

तू चपला काढायच्या आधीच उभी राहिलीस. "किती वायले तुमी!" माझा सदरा खांद्यावरून उतरत होता, पँट पट्ट्याने आवळून धरलेली होती. मी पोट आत ओढायला गेलो, तर ओढायला काही नव्हतं. मग तू नजर वळवलीस आणि भिंतीवरच्या आपल्या लग्नाच्या फोटोकडे बघत बसलीस. तिथला मी आत्ताच्यापेक्षा बारीक होतो. तुझ्या केसांत पांढरं आलं आहे. छान दिसतं, हे तेव्हा म्हणायचं राहून गेलं.

लिफाफा तुझ्या पर्सशेजारी टेबलावर ठेवला. सही केलेला आहे, असं सांगितलं. तू पाहिलास, हात लावला नाहीस.

मग मी ताट मांडलं. एकच. तू सवयीने म्हणालीस, "तुमी बसा आधी. मले भूक..."

आणि थांबलीस. वरणाच्या पातेल्याकडे बघितलंस. ते काठोकाठ भरलेलं होतं, अजून कोणी वाढून घेतलेलं नव्हतं. पुढे जे म्हणालीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"लागली. वाढा."

मी रोडगा फोडला, हात भाजला, तूप जास्त ओतलं. तू म्हणालीस, "आग्रह नका करू. मागीन मी." आणि मागितलंस, सीमा. वांगं दोनदा मागितलंस. वरण तीनदा. तिसऱ्या वेळी हसलीस, शकुंतलेत हसली होतीस तशी, फक्त पदर तोंडात धरला नाहीस. मला कळलंच नव्हतं की तू एवढं जेवतेस. लग्नाला सव्वीस वर्षं होत आली आणि माझी बायको भूक लागल्यावर कशी जेवते ते मी काल पहिल्यांदा पाहिलं. डाव्या हाताने बांगड्या मागे सारतेस आणि मान खाली घालून जेवतेस. मधे एकदाच बोललीस. "वांग्यात मीठ कमी हाये." होतं. मी चाखलं नव्हतं, आधी हात लावायचा नाही म्हणून.

जेवण झाल्यावर तू म्हणालीस, चारची बस पकडायची आहे, ऑटो बघून या. मी चौकापर्यंत चालत गेलो, अजिबात न थांबता. परत आलो तर तू फाटकाशी उभी होतीस, पर्स खांद्याला. स्टँडवर बस लागलेलीच होती. खिडकीतून म्हणालीस, "गोया टाइमावर घ्या." बस निघाली. लिफाफ्याबद्दल तू बोलली नाहीस आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. पर्समध्ये असेल, असं धरून मी घरी आलो. ऑटोने नाही, चालत, कारण घाई कशाचीच नव्हती.

स्वयंपाकघरात गेलो. ताट तू घासून ठेवलं होतंस. पातेली बघितली, दोन्ही रिकामी. वरणाचं तर अगदी पुसलेलं होतं. मी तिथेच उभा राहून हसलो. म्हटलं, बरोबर आहे, आता माझी पाळी. आणि मला भूक नाही, असं मोठ्याने म्हणूनही बघितलं. मग बाहेर टेबलाशी आलो.

लिफाफा तिथेच होता. त्याच्यावर वाटी ठेवलेली होती आणि वाटीवर ताटली झाकलेली होती.

उघडली. रोडगा कुस्करून वरणात कालवला होता, बारीक, मला चावायला त्रास होणार नाही इतका. तूप बेताचं. वांग्याची एकच फोड, साल काढलेली. बरोबर वाटीभर. माझं माप मी तुला एकदाच लिहिलं होतं.

वीस मिनिटं खुर्चीत बसून खाल्लं. चमचा खाली ठेवत, पंचवीस वेळा चावत. मीठ तू वरून घातलं होतंस.

वाटी ठेवताना गरम असणार आणि बुडाशी तूप-वरण लागलेलं होतं. लिफाफ्यावर गोल डाग पडला आहे. उघडून बघितलं तर तूप आतल्या दोन्ही पानांना लागलं आहे, माझी सही धड वाचता येत नाही. असा कागद कोणतं कोर्ट घेईल? नवा पाठवायला सांग, असं लिहायला हवं. मी लिहीत नाही.

आहारतज्ज्ञ बाईंकडे गुरुवारी जायचं आहे. कालच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे : "संध्याकाळी पाच : रोडगा-वरण, वाटीभर. सीमाने झाकून ठेवलेलं." त्या डायरी वाचतात, एकेक ओळ. विचारतील, सीमा कोण? या खेपेला मला खोटं बोलावं लागणार नाही.

देवीदास